एक जहाज, दोन झेंडे!

समजा, तुझ्याकडे एक लढाऊ जहाज आहे. शिडांचं! इंजीन नाही, वीज नाही, सगळा कारभार वाऱ्यावर.

समोर शत्रूचं जहाज. धडाड् धूम! तोफा सुरू. धूरच धूर! आणि अखेर शत्रू आपला झेंडा खाली उतरवतो. म्हणजे काय? म्हणजे तो हरला! ते अख्खंच्या अख्खं जहाज आता तुझं!

सांग बघू, काय करशील त्याचं? जाळशील? बुडवशील?

थांब, थांब! घाई नको. एवढं जहाज बांधायला रानच्या रान तोडावं लागतं. शेकडो सुतार राबतात. ते आयतं हातात आलंय, आणि तू बुडवणार?

दोनशे वर्षांपूर्वीच्या दर्यावर्दी लोकांनीही हाच हिशेब केला होता. शत्रूचं जहाज पकडायचं, दुरुस्त करायचं, झेंडा बदलायचा. आणि ज्यांनी ते बांधलं, त्यांच्याच विरुद्ध लढायला पाठवायचं! कबड्डीत पकडलेला गडी आपल्याच संघातून चढाईला पाठवावा ना, तसंच! कबड्डीत असा नियम नाही म्हणा. समुद्रावर होता!

आजची गोष्ट अशाच एका जहाजाची. ते जन्माला आलं फ्रेंच. पाच वर्षांचं असताना पकडलं गेलं. आणि मग इंग्रजांकडे किती वर्षं राहिलं असेल? दहा? वीस? पन्नास?

तब्बल एकशे चव्वेचाळीस वर्षं! आहे की नाही कमाल?

चल, पहिल्यापासून बघू.

फ्रान्समध्ये रोशफोर नावाचं गाव आहे. तिथल्या गोदीत १८०० साली हे जहाज पाण्यात उतरलं. नाव ठेवलं 'दुगे-त्रुएँ'. म्हणून बघ मोठ्यानं! जमलं? आता पटापट तीनदा म्हण!

हे कुणाचं नाव? सॅन मालो नावाच्या फ्रेंच बंदरातला एक धाडसी दर्यावर्दी होता, त्याचं. आणि त्याची ख्याती कशासाठी होती, माहितीय? शत्रूची जहाजं पकडण्यासाठी! जहाजं पकडणाऱ्याचं नाव मिळालेलं हे जहाज, आणि पुढे तेच पकडलं गेलं. त्या दर्यावर्दीला काय वाटलं असतं कुणास ठाऊक!

आता हे जहाज केवढं होतं, ते मनात आण. कबड्डीचं मैदान बघितलंयस ना? तशी चार मैदानं एकापुढे एक मांड. जहाज त्याहूनही थोडं लांब! साधारण पंचावन्न मीटर. आणि त्यात राहायची किती माणसं? सहाशे-सातशे! एवढी तर काही शाळांमध्ये मुलं नसतात! सगळी तिथेच जेवणार, तिथेच झोपणार, तिथेच भांडणार. झोपायला कापडाच्या झोळ्या, छताला टांगलेल्या. लाट आली की सगळे एकदम डुलणार!

तोफा होत्या चौऱ्याहत्तर. दोन मजल्यांवर रांगेनं मांडलेल्या, शिवाय वर उघड्यावर थोड्या. सगळ्यात जड तोफा तळमजल्यावर. का बरं? सगळं वजन वर ठेवलं तर जहाज कलंडेल ना!

त्या तळमजल्यावरच्या एका तोफेचा एक गोळा साडेसतरा किलोचा असायचा. घरातून गिरणीत दळणाचा डबा नेतात ना, गव्हानं काठोकाठ भरलेला? जवळजवळ तेवढा जड! आणि तो हवेतून भिरभिरत येतोय! नको रे बाबा!

या जहाजाचा आराखडा काढला होता जाक-नोएल साने या माणसानं. त्याचं नाव लक्षात ठेव हं. पुढे एक मोठी गंमत आहे, आणि ती त्याच्यामुळेच आहे. सानेचा आराखडा इतका छान होता की त्याच आराखड्यावरून शंभराहून जास्त जहाजं बांधली गेली. मोदकाचा साचा एकदा चांगला मिळाला की कसे एकसारखे मोदक निघतात! इथे निघाली जहाजं!

दुगे-त्रुएँ पहिल्यापासूनच निसटण्यात पटाईत. १८०३ साली ते अमेरिकेजवळच्या एका बेटावर, आजच्या हैतीत, बंदरात अडकलं होतं. बाहेर इंग्रजांची जहाजं टपून बसलेली! मग वादळी वारा सुटला, तेव्हा दुगे-त्रुएँ आणि त्याचा एक जोडीदार गुपचूप बाहेर पडले. जोडीदार सापडला. दुगे-त्रुएँ पसार!

दोन वर्षांनी मात्र मोठी लढाई झाली. २१ ऑक्टोबर १८०५. जागा, स्पेनच्या किनाऱ्याजवळचं ट्रफॅल्गर. एका बाजूला फ्रेंच आणि स्पॅनिश मिळून तेहतीस मोठी जहाजं. दुसऱ्या बाजूला इंग्रजांची सत्तावीस. इंग्रजांचा सेनापती होता नेल्सन.

फ्रेंच-स्पॅनिश जहाजं एका लांबलचक रांगेत चालली होती. नेल्सननं काय केलं? तो त्या रांगेच्या मधोमध घुसला!

शाळेत प्रार्थनेनंतर वर्गाकडे जाताना असं होतं बघ. रांगेच्या मध्ये कुणीतरी घुसतं, मागे ढकलाढकली होते. पण पुढची मुलं? ती चालतच राहतात! त्यांना मागचं कळेपर्यंत वेळ जातो.

दुगे-त्रुएँ रांगेच्या पुढच्या भागात होतं. मागे तोफा गर्जत होत्या, आणि हे पुढेच चाललं होतं! वळावं, तर वळणार कसं? त्या दिवशी वारा अगदी मंद होता. शिडाचं जहाज वाऱ्याशिवाय म्हणजे पायडल नसलेली सायकल. शेवटी छोट्या होड्या पाण्यात सोडल्या. त्यात वल्हवणारे बसले, दोरांनी जहाजाचं तोंड ओढायला लागले. एवढं मोठं धूड, आणि त्याला होड्या ओढतायत! कर कल्पना!

वळून येईपर्यंत लढाई हातची गेली होती. दुमानवार नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखालची चार जहाजं जाताजाता थोड्या तोफा डागून निघून गेली. त्यात आपलं दुगे-त्रुएँ. पुन्हा निसटलं!

याच लढाईतली एक भलतीच मजेदार गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्या दिवशी 'स्विफ्टशुअर' नावाची जहाजं दोन होती. एक इंग्रजांकडे, एक फ्रेंचांकडे! वर्गात दोन ओंकार असतात ना, तसं? नाही, नाही! इथे मामला वेगळा आहे. फ्रेंचांकडचं स्विफ्टशुअर मुळात इंग्रजांचंच! १८०१ मध्ये फ्रेंचांनी ते पकडलं, आणि नाव तसंच ठेवलं. इकडे इंग्रजांनी नवीन जहाज बांधून त्याला तेच नाव दिलं. आणि दोघं एकाच लढाईत समोरासमोरच्या फळीत!

पुढे काय झालं, ओळख. इंग्रजांनी जुनं स्विफ्टशुअर परत पकडलं! पण आता हाक मारायची कशी? एकाच नौदलात दोन स्विफ्टशुअर? मग जुन्याचं नाव बदललं. बिचारं! आधी इकडचं, मग तिकडचं, मग पुन्हा इकडचं, आणि घरी आल्यावर स्वतःचं नावही दुसऱ्याला दिलेलं!

बरं, आता आपल्या पळालेल्या चार जहाजांकडे.

जवळजवळ दोन आठवडे गेले. स्पेनच्या वायव्य टोकाला, ऑर्तेगाल नावाच्या भूशिराजवळ, सर रिचर्ड स्ट्रॅकन नावाचा इंग्रज कप्तान आपली जहाजं घेऊन फिरत होता. तो काही यांना शोधत नव्हता. तो शोधत होता भलत्याच फ्रेंच ताफ्याला! ही चार जहाजं दिसली आणि त्याला वाटलं, सापडले! झालं, पाठलाग सुरू!

दोन दिवस पाठलाग चालला. स्ट्रॅकनची मोठी जहाजं जड. पण त्याच्याकडे फ्रिगेटही होत्या. फ्रिगेट म्हणजे लहान, चपळ लढाऊ जहाज. त्या पुढे गेल्या आणि फ्रेंचांच्या शेवटच्या जहाजाला सारख्या सतावू लागल्या. फ्रेंचांना धड पळता येईना, धड थांबता येईना.

आता त्या फ्रिगेटींची नावं ऐक. एकीचं नाव 'सांता मार्गारीता'. हे नाव इंग्रजी वाटतं का? नाहीच मुळी! ती स्पेनकडून पकडलेली! दुसरी 'रेव्होल्युशनेर'. ती फ्रान्सकडून पकडलेली! म्हणजे पकडलेली जहाजं आता नवीन जहाजं पकडायला निघाली होती! पकडापकडीच्या खेळात साखळी करतात ना? बाद झालेला गडीच दुसऱ्याला पकडायला धावतो! अगदी तेच!

४ नोव्हेंबर १८०५ला दोन्ही बाजू भिडल्या. मोठी हातघाई झाली. डोलकाठ्या मोडल्या, शिडांच्या चिंध्या झाल्या. दुगे-त्रुएँचा कप्तान तुफे लढता लढता मारला गेला. फ्रेंचांची शेकडो माणसं मेली किंवा जखमी झाली. अशा लढायांच्या गोष्टी ऐकायला झकास वाटतात, पण त्या लाकडी भिंतींच्या आत त्या दिवशी काय झालं असेल, ते मला लिहवतही नाही.

संध्याकाळपर्यंत चारही फ्रेंच झेंडे खाली आले होते. निसटण्यात पटाईत दुगे-त्रुएँ अखेर सापडलं!

जहाज पकडलं की त्यावर एक खूण करायची पद्धत होती. हरलेल्याचा झेंडा आणि जिंकलेल्याचा झेंडा, दोन्ही एकाच दोरीवर लावायचे. वर कुणाचा? जिंकलेल्याचा! खाली हरलेल्याचा! लांबून कुणी पाहिलं तरी एका नजरेत कळायचं, हे जहाज कुणाचं होतं आणि आता कुणाचं झालंय.

मग जिंकणाऱ्यांचे काही खलाशी त्यावर चढायचे आणि ते आपल्या बंदरात न्यायचे. दुगे-त्रुएँ निघालं इंग्लंडच्या प्लिमथ बंदराकडे.

पण पकडलं म्हणजे लगेच आपलं झालं, असं नव्हतं हं! त्यासाठी चक्क कोर्ट होतं! न्यायाधीश बसायचे, कागद बघायचे, आणि ठरवायचे की हे जहाज नियमानं पकडलंय की नाही. नियमानं असेल, तर नौदल ते विकत घ्यायचं. आणि ते पैसे कुणाला? पकडणाऱ्यांना! बक्षीस!

वा, मग सगळे खलाशी श्रीमंत झाले असतील ना?

हं! वाटणी ऐक आधी. समज, बक्षीस म्हणजे एक मोठं थालीपीठ. त्याचे आठ तुकडे करायचे. तीन तुकडे कप्तानाच्या वाट्याला, आणि त्यातलाही एक त्याच्या वरच्या ॲडमिरलला. तीन तुकडे वेगवेगळ्या अधिकाऱ्यांना. उरले किती? दोन! ते दोन तुकडे कुणाला? बाकीच्या शेकडो खलाशांना! सगळ्यांत मिळून! प्रत्येकाला कण तरी आला असेल का? मला विचारशील तर ही वाटणी साफ अन्यायाची. पण त्या काळी नियम तोच होता.

नौदलानं दुगे-त्रुएँ घेतलं आणि नवं नाव दिलं, 'इम्प्लॅकेबल'. म्हणजे काही केल्या ज्याचा राग शांत होत नाही असं. मोठ्या भावंडाशी भांडण झाल्यावर आपण होतो, तसं!

नाव बदलणं सोपं. पण एक अडचण होती. तोफा! तोफेच्या नळीत गोळा नीट बसायला हवा. मोठा असेल तर आत जाणार नाही, लहान असेल तर नुसता खुळखुळेल. फ्रेंच मोठा गोळा साडेसतरा किलोचा. इंग्रजांचा नेहमीचा मोठा गोळा साडेचौदा किलोचा. म्हणजे या डब्याला त्या डब्याचं झाकण! मग फ्रेंच तोफा काढल्या, इंग्रजी बसवल्या.

बाकीच्या तिघांपैकी एक समुद्रावर गेलं. दोघांच्या नशिबी मात्र बंदरातच बसणं आलं. एक झालं कैद्यांचा तुरुंग, दुसरं दारूगोळ्याचं कोठार. आपलं जहाज नशीबवान!

१८०८ साली इम्प्लॅकेबल पार उत्तरेला बाल्टिक समुद्रात गेलं. कप्तान होता टॉमस बायम मार्टिन. तिथे गाठ पडली रशियाच्या 'व्सेवोलोद' या जहाजाशी. त्यावरही चौऱ्याहत्तर तोफा. बरोबरीची जोडी! इम्प्लॅकेबलनं त्याला बेजार केलं. मग रशियाचा बाकीचा ताफा मदतीला धावून आला, तेव्हा मागे सरावं लागलं. पण व्सेवोलोद उथळ पाण्यात रुतलं! इम्प्लॅकेबल आणि त्याच्या साथीला असलेल्या 'सेंटॉर'नं ते गाठलं, पकडलं. आणि आणलं घरी?

छे! चिखलात इतकं घट्ट बसलं होतं की हलेचना! शेवटी जाळून टाकावं लागलं. पकडलेलं प्रत्येक जहाज आपल्या गोष्टीतल्यासारखं भाग्यवान नसतं.

असं तर आपल्या कोकणातही झालंय! विजयदुर्ग ऐकलायस ना? तिथे तुळाजी आंग्रे यांचं आरमार होतं. गुराबा, गलबतं अशी जहाजं, मोठा थाट! तुळाजींनी इंग्रजांच्या कंपनीचं 'रिस्टोरेशन' नावाचं जहाज पकडलं आणि आपल्या आरमारात ठेवलं. पुढे फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज विजयदुर्गावर चालून आले. जमिनीवरून पेशव्यांची फौजही आंग्र्यांच्या विरुद्ध होती. तोफांचा भडिमार सुरू झाला, आणि एक पेटता गोळा नेमका कुठे पडला असेल?

रिस्टोरेशनवर! इंग्रजांचा गोळा, इंग्रजांच्याच जुन्या जहाजावर! लाकूड, दोर, डांबर, कापड... पेटायला कितीसा वेळ? ते पेटलं. शेजारी आंग्र्यांची बाकीची जहाजं होती. तीही पेटली. आणि सारं आरमार जळून गेलं.

आता तुला मी एक नाव लक्षात ठेवायला सांगितलं होतं. आठवतंय? साने! जहाजाचा आराखडा काढणारा!

शत्रूचं जहाज पकडलं की नुसतं लाकूड मिळत नाही. त्याहून भारी काहीतरी मिळतं. कसं बांधलंय, ते बघायला मिळतं! इंग्रज सुतार दोऱ्या घेऊन पकडलेल्या जहाजात शिरायचे. लांबी मोजायचे, रुंदी मोजायचे, पोटाची गोलाई मोजायचे. आणि सगळं कागदावर उतरवायचे. म्हणजे वर्गातल्या हुशार मुलाची वही हाती लागली आणि बसले उतरवून घ्यायला! शाळेत असं केलं तर काय होतं, ते तुला माहितीच आहे. इथे मात्र शाबासकी!

१७८२ साली इंग्रजांनी 'हेबे' नावाची एक फ्रेंच फ्रिगेट पकडली. काय सुंदर पळायची! इंग्रजांनी तिची मापं घेतली आणि तशाच फ्रिगेटी स्वतः बांधायला घेतल्या. एक, दोन, तीन... एकामागून एक. हेबेचा आराखडा कुणी काढला होता?

बरोबर! सानेनंच!

आता कान इकडे कर. पुढची गंमत ऐकून तू उडीच मारशील. त्या आराखड्यावरची एक फ्रिगेट बांधली गेली कुठे?

मुंबईत!

खरंच! आपल्या मुंबईच्या गोदीत! तिथे वाडिया घराण्यातले पारशी कारागीर जहाजं बांधायचे आणि त्यांचा जगभर दबदबा होता. इंग्लंडमध्ये ओक झाडाचं लाकूड कमी पडायला लागलं होतं. मुंबईत मिळायचं सागवान, दक्षिणेच्या मलबारातून आलेलं. सागवान पाण्यात सहजासहजी कुजत नाही. तुझ्या आजीच्या घरचा जुना दरवाजा सागवानी असेल, तर ठोठावून बघ. कसा खणखणीत असतो!

ते जहाज बांधायचे नकाशे इंग्लंडहून मुंबईला निघाले. कुठल्या जहाजातून? 'जावा' नावाच्या. आणि हे जावा कोण? पकडलेलं फ्रेंच जहाज! अजून संपलं नाही! वाटेत जावाची अमेरिकेच्या जहाजाशी लढाई झाली. जावा हरलं, आणि नकाशेही गेले! झालं, पुन्हा नवे नकाशे पाठवा! माझी वही हरवली की आई किती बोलायची. इथे तर अख्ख्या जहाजाचे नकाशे हरवले होते!

अखेर जमशेटजी बमनजी वाडिया यांनी जहाज बांधलं. बांधायला सुरुवात करताना पारशी रीतीप्रमाणे त्याच्या तळाच्या मुख्य लाकडात चांदीचा खिळा ठोकला, असं सांगतात. १८१७ साली ते मुंबईच्या पाण्यात उतरलं. नाव ठेवलं 'ट्रिंकोमाली'. श्रीलंकेतल्या बंदराचं नाव.

म्हणजे बघ हं, डोकं एका फ्रेंच माणसाचं, हात मुंबईच्या कारागिरांचे, लाकूड मलबारचं आणि झेंडा इंग्रजांचा!

आता ट्रिंकोमाली आणि आपलं इम्प्लॅकेबल यांची गाठ पडायला अजून वेळ आहे. इकडे इम्प्लॅकेबल म्हातारं होत चाललं होतं. १८४० च्या सुमारास ते भूमध्य समुद्रात होतं. मग घरी परतलं. आगबोटी आल्या होत्या. शिडांच्या म्हाताऱ्या जहाजाला आता लढाईवर कोण पाठवणार?

मग काय, भंगारात?

नाही! १८५५ पासून त्याची शाळा झाली! नौदलात भरती होणारी मुलं डेव्हनपोर्टच्या बंदरात या जहाजावर राहायची. तुझ्यापेक्षा थोडीच मोठी! तिथेच शिकायचं, तिथेच झोपायचं. दोरांच्या गाठी मारायला शिकायच्या. शिडाच्या दोरांवरून सरसर वर चढायचं. खो-खोच्या तासाऐवजी डोलकाठीवर चढायचा तास! तुला कसं वाटलं असतं? काही वर्षांनी 'लायन' नावाचं दुसरं जहाज शेजारी आणून जोडलं. शाळेला नवी इमारत मिळाली म्हणायची!

या शाळेला पन्नास वर्षं झाली. मग नौदलाला वाटलं, आता विकून टाकावं. पण इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड मध्ये पडला आणि विक्री थांबली. मग १९१२ साली व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थांनी ते सांभाळायला घेतलं.

हे कॉब म्हणजे जुन्या जहाजांचे वेडे! आधी त्यांनी नेल्सनचं एक जुनं जहाज घेतलं होतं, 'फुद्रुआयाँ'. १८९७ साली वादळात ते किनाऱ्यावर आपटून फुटलं. दुसरं कुणी असतं तर नाद सोडला असता. यांनी दुसरं जहाज घेतलं आणि त्याला तेच नाव दिलं. ते दुसरं जहाज कोणतं?

आपली ट्रिंकोमाली!

असे दोघे भेटले. सानेच्या आराखड्यावरून फ्रान्समध्ये बांधलेलं पकडलेलं जहाज, आणि सानेच्याच आराखड्यावरून, वही उतरवून, मुंबईत बांधलेलं जहाज. शेजारी शेजारी! आधी फालमथच्या खाडीत, मग १९३२ पासून पोर्ट्समथच्या बंदरात. मुलं सुट्टीत येऊन त्यांच्यावर राहायची, होड्या चालवायला शिकायची. मामाच्या गावाला जायचं सोडून शंभर वर्षांच्या जहाजावर सुट्टी! मी तर एका पायावर तयार झाले असते!

आणि पोर्ट्समथलाच आणखी कोण होतं, माहितीय? 'व्हिक्टरी'! ट्रफॅल्गरला नेल्सन ज्यावर होता ते जहाज! त्या लढाईत एकमेकांच्या विरुद्ध असलेली दोन जहाजं आता एकाच बंदरात म्हातारपण काढत होती. त्या लढाईतली बाकी सगळी मोठी जहाजं केव्हाच मोडली, बुडली, जळाली होती. उरली फक्त ही दोन.

दुसरं महायुद्ध आलं. या म्हाताऱ्यांना पुन्हा कामाला जुंपलं, नौदलाच्या मुलांना शिकवायला. युद्ध संपलं तेव्हा इम्प्लॅकेबलचं लाकूड पार कुजलं होतं. दुरुस्तीला अफाट पैसे लागणार होते, आणि युद्धानंतर इंग्लंडमध्ये घरं बांधायलाही लाकूड पुरेना. फ्रान्सला विचारलं, तुमचंच आहे, न्याल का परत? पण त्यांनाही झेपेना.

मग ठरलं, समुद्रातच सोडून द्यायचं. २ डिसेंबर १९४९. आइल ऑफ वाइट बेटाच्या पूर्वेला, खोल पाण्यात, त्याला ओढत नेलं. वजनासाठी पोटात लोखंड भरलं, आणि सुरुंग लावले.

आणि त्यावर झेंडे लावले होते. दोन! एक इंग्रजांचा, एक फ्रेंचांचा. आठवतंय ना? पकडलेल्या जहाजावर जिंकणाऱ्याचा झेंडा वर आणि हरणाऱ्याचा खाली? या वेळी तसं नव्हतं! दोन्ही झेंडे एकाच उंचीवर, शेजारी शेजारी! सोबतीला फ्रान्सचं लढाऊ जहाजही आलं होतं.

सुरुंग उडाले. तळ फुटला. पण जहाज? बुडेचना! वरचा भाग काही तास तसाच तरंगत राहिला! एकशे एकोणपन्नास वर्षांचं म्हातारं, तळ फुटलेला, तरी हट्ट बघा!

लोक फार हळहळले. असं पुन्हा होऊ द्यायचं नाही, असं कितीतरी जणांनी ठरवलं. काही वर्षांतच चहा वाहून आणणारं 'कटी सार्क' नावाचं प्रसिद्ध जहाज मोडकळीला आलं होतं, ते लोकांनी धडपडून वाचवलं. लंडनमधल्या ग्रिनिचला ते आजही उभं आहे. आणि त्याच ग्रिनिचच्या संग्रहालयात इम्प्लॅकेबलची नक्षीदार पिछाडी आणि पुढच्या टोकावरचं शिल्प जपून ठेवलंय. बुडवण्याआधी काढून घेतलं होतं ना!

आणि मुंबईची ट्रिंकोमाली? ती आहे की! इंग्लंडमध्ये हार्टलपूल नावाचं गाव आहे, तिथे तिची छान दुरुस्ती केली. तिला तिचं जुनं नावही परत मिळालं. दोनशे वर्षं उलटून गेली, तरी ती अजून पाण्यावर तरंगतेय! तुझे कुणी मामा, मावशी तिकडे राहत असतील, तर त्यांना सांग जाऊन यायला. आत गेल्यावर तिथल्या माणसांना ठणकावून सांगायचं, हे जहाज आमच्या मुंबईच्या गोदीतलं आहे! आणि येताना फोटो आणायला विसरायचं नाही!